एका दिवसाची मिरवणूक आणि रोजची मिरवणूक

धुळवडीच्या दिवशीं जालना शहरांत ‘हत्ती रिसाला’ निघतो. निजामी अमदानीपासून चालत आलेल्या या मिरवणुकीस शंभराहून अधिक वर्षें होऊन गेलीं आहेत. एका नागरिकाला राजा करून हत्तीवर बसवितात. वाद्यें वाजत असतात, रंगानें न्हालेले लोक नाचत असतात, आणि राजेसाहेब दोन्ही बाजूंच्या प्रजेवर रेवड्या उधळीत पुढें सरकत असतात. श्रोत्यांपैकीं ज्यांचें बालपण जालन्यांत गेलें असेल त्यांना रेवडीची चव आतां कदाचित् आठवणार नाहीं. परंतु ती आपल्याच हातीं लागावी म्हणून केलेली धडपड खचित आठवेल.

जी गोष्ट वर्षांतून एकदांच घडते, तिची निम्मी तयारी पाहणाराच्या घरींच झालेली असते. आदल्या रात्रीं होळी पेटलेली असते, दुसऱ्या दिवशीं सुटी असते, अंगावर जुने कपडे असतात आणि हातीं रंग असतो. मिरवणुकीनें नुसतें रस्त्यावर यावें, कीं उत्सवास आरंभ झालाच. राजाचा मुकुट थोडा कलला तर त्याचीहि गंमत होते. वाद्यें क्षणभर थांबलीं तर लोक आरोळ्यांनीं ती उणीव भरून काढतात.

आतां अशी कल्पना करावी कीं, हीच मिरवणूक वर्षाचे तीनशें दिवस रोज सायंकाळीं साडेसहा वाजतां काढावयाची आहे. पाहणारे रोज नवे आणि परगांवचे. राजा कोणाचा कोण हें त्यांना ठाऊक नाहीं. त्यांनीं फाटकावर पैसे मोजलेले आहेत. त्यांच्या अंगावर रंग नाहीं, आदल्या रात्रीची होळी नाहीं, आणि कडेवर कंटाळलेलें मूल आहे. राजाला ताप आला ही सबब चालावयाची नाहीं. ‘थीम पार्क’ या नांवानें आज ओळखल्या जाणाऱ्या उद्यानांत जी जिवंत करमणूक असते, तिच्या कर्त्यांपुढें हाच प्रश्न रोज उभा असतो.

मराठी कुटुंबांना असलीं उद्यानें आतां अपरिचित राहिलेलीं नाहींत. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग जालन्यावरून जातो. त्या वाटेनें हैदराबादेस उतरणारीं कुटुंबें १९९६ सालीं उभ्या राहिलेल्या रामोजी चित्रनगरींत नृत्यें आणि साहसाचे खेळ पाहून येतात. पश्चिमेस खोपोलीजवळ २०१३ सालीं ‘इमॅजिका’ उघडलें, तेव्हां सायंकाळची मिरवणूक हें त्याचें एक आकर्षण म्हणून योजिलेलें होतें. या सर्वांचा मूळ नमुना मात्र अमेरिकेंतील. १९५५ च्या जुलै महिन्यांत कॅलिफोर्नियांत वॉल्ट डिस्ने यांनीं आपलें उद्यान उघडलें. पाळणे आणि घसरगुंड्या त्यापूर्वींहि जत्रांतून होत्याच; नवें होतें तें हें कीं, सगळें मैदानच रंगभूमि समजावयाचें. तेथें झाडू मारणारा नोकरहि नटसंचांतला गणला जातो, आणि तो लोकांसमोर आला म्हणजे ‘रंगमंचावर’ आला असें म्हणण्याची चाल आहे.

नाटककार कथेपासून आरंभ करतो; उद्यानांतील खेळाचा योजक आरंभ करतो गर्दीपासून. दुपारीं एक वाजतां सर्वांना एकाच वेळीं भूक लागते, आणि सर्वांत उंच पाळण्याच्या दाराशीं तासाची रांग लागते. अशा वेळीं उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला आठशें आसनांच्या मंडपांत वीस मिनिटांचा खेळ लावला, कीं तेवढीं माणसें रांगेंतून उठून सावलींत बसतात. दिवसांत असे पांच खेळ झाले तर चार हजार लोकांचे पाय दुखावयाचे राहतात. सायंकाळची मिरवणूक लोकांना घरीं जाण्यापासून थोपवून धरते. आणि थांबलेलें कुटुंब रात्रीचें जेवण बहुधा तेथेंच घेतें, हा हिशेब उघड आहे. कलेच्या उपासकांना हें ऐकून वाईट वाटेल. परंतु जत्रेंतला तमाशाहि देवदर्शन आटोपलेल्या माणसांना रात्रभर धरून ठेवीत असे, आणि त्यामुळें भजी तळणाराची कढई चुलीवरून उतरत नसे.

तमाशाची आणि या खेळाची तुलना आणखी एका दृष्टीनें उपयोगी आहे. तमाशांत आधीं गण, मग गवळण, मग बतावणी, आणि मध्यरात्र उलटल्यावर वग. प्रेक्षक बैठक मारून बसलेला असतो; त्याला भाषा कळते, गांवच्या पाटलावर मारलेला टोमणा कळतो. सोंगाड्या त्याच्या हशाची वाट पाहतो आणि हशा मोठा झाला तर विनोद लांबवितो. उद्यानांतील प्रेक्षक उभा असतो किंवा चालत असतो. तो मध्येंच येतो आणि मध्येंच जातो. त्याच्या शेजारीं उभ्या असलेल्या माणसाची भाषा निराळी असते. म्हणून शब्दांवर भिस्त ठेवतां येत नाहीं. दुष्ट कोण आणि सुष्ट कोण हें लांबून, नुसत्या आकृतीवरून ओळखूं आलें पाहिजे. रंग, चाल, उंची आणि हातवारे यांवरच सगळा भार पडतो. कथाहि एका वाक्यांत मावेल एवढीच घ्यावी लागते: हरवलेली वस्तु सांपडली, राक्षस हरला, राजा परतला.

मिरवणुकीची रचना कशी होते हें समजण्यासाठीं एक काल्पनिक हिशेब मांडून पाहावा. चित्ररथ आणि त्यांच्यामधील नर्तक मिळून मिरवणुकीची लांबी २०० मीटर आहे. मार्ग ६०० मीटरांचा आहे. आणि ती मिनिटाला ३० मीटर या गतीनें चालते. मार्गावर कोठेंहि उभ्या असलेल्या माणसासमोरून ती सुमारें सात मिनिटांत निघून जाईल. परंतु नाचणारास मार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोंचावयास वीस मिनिटें लागतील. म्हणजे पाहणाराची मिरवणूक सात मिनिटांची आणि नाचणाराची वीस मिनिटांची. शिवाय कोणतीहि एक नर्तकी कोणत्याहि एका प्रेक्षकासमोर जेमतेम मिनिटभर असते. यावरून नृत्याचा घाट ठरतो. वीस मिनिटांचें सुंदर नृत्य बसवून उपयोग नाहीं. एका मिनिटाचें नृत्य बसवावयाचें आणि तें वीस वेळां करावयाचें. तेंहि असें पाहिजे कीं, कोठूनहि पाहावयास लागलें तरी आरंभासारखें वाटावें. विसाव्या वेळच्या प्रेक्षकाला आपण विसावे आहों हें कळतां कामा नये. नर्तकीचें खरें कसब तेथेंच आहे, आणि त्याबद्दल तिला टाळ्या मिळत नाहींत.

संगीताची अडचण याहून चमत्कारिक. पहिल्या चित्ररथावर समुद्र आहे आणि चौथ्यावर राजवाडा. प्रत्येकाचें गाणें निराळें. सर्व गाणीं एकाच वेळीं रस्त्यावर वाजलीं तर गोंगाटच व्हावयाचा. १९७२ सालीं डिस्नेच्या उद्यानांत विजेच्या दिव्यांनीं मढविलेली जी मिरवणूक सुरू झाली, तिच्यासाठीं एक युक्ति योजिली गेली. एकच मूळ चाल घेतली, आणि प्रत्येक चित्ररथाची धून त्या चालीच्या तालांत व सुरांत बसेल अशी रचली. मार्गाचे भाग पाडले. ज्या भागांत जो चित्ररथ शिरेल त्याची धून तेथील ध्वनिक्षेपकांतून उमटे, आणि मूळ चाल मात्र सर्वत्र अखंड चालूं राही. चालणाऱ्या माणसाला एका धुनींतून दुसरींत आपण केव्हां गेलों हें समजत नसे. दिंड्यांच्या वाटेवर उभें राहून ज्यांनीं एका दिंडीचे टाळ विरत असतां दुसरीचे चढतांना ऐकले असतील, त्यांना या युक्तीचें मर्म ताबडतोब ध्यानांत येईल. फरक एवढाच कीं, दिंड्यांचा ताल कोणी आधीं जुळवून ठेवलेला नसतो.

संगीत, बोलणें, दिवे, कारंजीं, आतषबाजी हें सर्व एकदां ध्वनिमुद्रणाच्या घड्याळाला बांधलें, कीं नटालाहि त्या घड्याळाशीं बांधून घ्यावें लागतें. या प्रकाराचें महाराष्ट्रांतील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे बाबासाहेब पुरंदरे यांचें ‘जाणता राजा’. १९८५ सालापासून उघड्या मैदानांवर होत आलेल्या या महानाट्यांत शेंकडों माणसें, घोडे आणि उंट येतात, पण संवाद आणि गाणीं आधीं मुद्रित केलेलीं असतात. एवढ्या विस्तीर्ण पटांगणांत, वाऱ्यांत, हजारों लोकांपुढें कोणाचाहि आवाज पोंचणें शक्य नाहीं, हें पहिलें कारण. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. संवाद ठरलेले, त्यांची गति ठरलेली, म्हणून ज्या गांवीं प्रयोग असेल तेथील होतकरू माणसांना थोड्या दिवसांच्या तालमीनें जमावांत सामील करून घेतां येतें. कोठें उभें राहावयाचें, कोणत्या शब्दाला वळावयाचें, आणि कोणत्या नगाऱ्याला धांवावयाचें, एवढें पाठ झालें कीं शाळेंतला शिक्षक किंवा दुकानांतला कारकून मावळा होऊन उभा राहतो. त्याला आवाज उसना मिळतो. पाय आणि छाती मात्र त्याचींच असतात, आणि मागच्या रांगेंतल्या त्याच्या कुटुंबाला तो एकटाच दिसतो.

यांत जें गमावलें जातें तेंहि सांगितलें पाहिजे. मुद्रित आवाज थांबत नाहीं. प्रेक्षकांनीं टाळ्या वाजविल्या तरी पुढचें वाक्य येतेंच. घोडा बुजला तरी राजाचें भाषण चालूंच राहतें. रिसाल्यांतल्या राजाने एखादें मूल पाहून हात मागें घ्यावा आणि पुन्हां रेवड्यांची मूठ भरावी, असला क्षण या घड्याळांत बसत नाहीं. म्हणून जाणते योजक मुद्रणांत मुद्दाम रिकाम्या जागा ठेवतात: नुसता ताल चाललेला आहे, शब्द नाहीं, आणि त्या आठ-दहा मात्रांत नटाने समोरच्या माणसाशीं जें सुचेल तें करावें. ज्या उद्यानांत या जागा नसतात तेथील खेळ निर्दोष असतो आणि पाहणारास तो दुसऱ्या दिवशीं आठवत नाहीं.

गांवकऱ्यांचा खेळ आणि उद्यानाचा खेळ यांचा संबंध फ्रान्समध्यें फार स्पष्ट दिसून येतो. तेथील व्हांदे प्रांतांत प्वी द्यू फू नांवाच्या एका पडक्या वाड्यापुढें १९७८ सालीं गांवकऱ्यांनीं आपल्या प्रांताचा इतिहास रात्रीं उघड्यावर करून दाखविण्यास सुरुवात केली. नट पगारी नव्हते. शेतकरी, मुलें, वृद्ध, सगळे हौसेनें येत. तो खेळ एवढा वाढला कीं, १९८९ मध्यें त्याच्या शेजारीं दिवसां चालणारें मोठें उद्यान उभें राहिलें, आणि तेथें पगारी कलावंत रोज खेळ करूं लागले. रात्रीचा मूळ खेळ मात्र उन्हाळ्यांतील ठराविक रात्रींच होतो आणि त्यांत आजहि हजारों स्वयंसेवकच उतरतात. ही वांटणी विचारपूर्वक केलेली दिसते. हौशी माणूस वीस-पंचवीस रात्रीं जीव ओतील. तीनशें दिवस ओतणार नाहीं, आणि त्यानें ओतावा अशी अपेक्षाहि अन्यायाची आहे. पुण्याजवळ आंबेगांव येथें बाबासाहेबांच्याच कल्पनेंतून उभ्या राहत असलेल्या ‘शिवसृष्टी’चा पहिला टप्पा २०२३ सालीं खुला झाला. हौशी माणसांना बरोबर घेऊन चालणारें महानाट्य आणि रोज उघडणारें उद्यान हीं दोन्हीं एकाच माणसाच्या मनांत असावींत, हा योगायोग नव्हे.

तालमीची पद्धत रंगभूमीहून वेगळी असते. उद्यान दिवसां लोकांनीं भरलेलें. म्हणून तालीम फाटकें लागल्यावर, रात्रीं अकरापासून पहांटेपर्यंत. प्रथम मोकळ्या जमिनीवर खडूनें किंवा चिकटपट्टीनें मार्गाचा नकाशा आखतात आणि चित्ररथाच्या जागीं हातगाडी ढकलीत नेतात. प्रत्येक भूमिका दोघांतिघांना शिकवून ठेवलेली असते. त्यांखेरीज कांहीं बदली नट असे असतात कीं, त्यांना आठ-आठ, दहा-दहा जागांच्या हालचाली पाठ असतात आणि आज आपण कोण होणार हें त्यांना सकाळीं कळतें. या माणसांचीं नांवें कोठल्याहि फलकावर येत नाहींत. खेळ रोज उभा राहतो तो बव्हंशीं त्यांच्यामुळें.

आतां उन्हाविषयीं. जालन्याच्या उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर जातो, आणि डांबरी मार्ग हवेहून अधिक तापतो. त्यावर बूट घालून, भरजरी पोषाखांत नाचावयाचें. पोषाख दिसावयाला जरीचा असला तरी आंतून सुती अस्तराचा आणि रोज धुतां येईल असाच शिवावा लागतो. एकाच मापाचे निदान दोन-तीन जोड पाहिजेत, कारण घामानें भिजलेला जोड तासाभरांत वाळत नाहीं. सर्वांत कठीण काम प्राण्याच्या किंवा चित्रांतल्या पात्राच्या बंद मुखवट्यांत वावरणाराचें. त्याला तोंडाच्या फटींतून जेवढें दिसेल तेवढेंच दिसतें, बोलण्याची मनाई, मुलें अंगाला लोंबकळतात आणि आंत श्वास गरम होतो. म्हणून त्याला एका वेळीं साधारण अर्ध्या तासाहून जास्त बाहेर ठेवीत नाहींत, आणि बरोबर एक सोबती असतो. तो त्याला हात धरून नेतो, पायरी आली कीं दाबून खूण करतो, आणि चालण्यांत डळमळ दिसली कीं मुलांची समजूत घालून त्याला पडद्याआड घेऊन जातो. सोबती ठेवण्याचा खर्च वांचवावा असें एखाद्या व्यवस्थापकाला वाटणें अशक्य नाहीं. तो खर्च वांचला कीं मुखवट्यांतला माणूस कोसळेपर्यंत बाहेर कोणाला कांहींच कळत नाहीं, कारण मुखवटा हंसतच असतो.

गर्दीच्या सुरक्षिततेचाहि असाच प्रश्न आहे. चित्ररथाच्या सारथ्याला सजावटीमुळें पुढचें फार थोडें दिसतें. म्हणून चाकांच्या बाजूनें माणसें चालत असतात. तीं नाचणाऱ्यांच्याच वेषांत असलीं तरी त्यांचें लक्ष चाकावर आणि मुलांच्या पायांवर असतें. वारा ठराविक मर्यादेबाहेर गेला कीं उंच मनोऱ्यावर माणूस चढवीत नाहींत आणि आगीचा प्रसंग गाळतात. संपूर्ण मिरवणूक एका शब्दासरशी थांबविण्याचा अधिकार असलेला एक मनुष्य असतो. त्याच्या कानाला यंत्र लावलेलें असतें आणि मार्गावरचे सर्व इशारे त्याच्याकडे येतात. आणि वस्तु फेंकण्याचें सहसा टाळतात. रेवडी फेंकली कीं लोक रेवडीकडे धांवणार, हें उघडच आहे. रिसाल्यांत तीच तर मौज असते. तेथें गल्लींतला प्रत्येकजण प्रत्येकाचें मूल ओळखतो आणि पडलेल्याला कोणीतरी उचलतो. अनोळखी लोकांच्या गर्दींत ही खात्री नाहीं, म्हणून उद्यानांतला राजा नुसता हात हालवितो.

राहतां राहिला पैसा. अशा खेळांना बहुधा वेगळें तिकीट नसतें. खर्च प्रवेशाच्या पैशांत मिळवून टाकलेला असतो. पाळणा किती फिरला आणि त्यानें किती मिळविलें हें सांगतां येतें. मिरवणुकीनें किती मिळविलें हें सांगतां येत नाहीं. म्हणून मंदी आली कीं कात्री पहिल्यांदां इकडे लागण्याचा संभव फार. २०२० सालच्या साथींत हें जगाला दिसून आलें. डिस्ने कंपनीनें त्या वर्षाच्या सप्टेंबरांत अमेरिकेंत २८,००० नोकर कमी करण्याचें जाहीर केलें, आणि त्यांत उद्यानांतले कलावंतहि होते. त्याच वर्षीं ऐन चैत्राच्या तोंडावर महाराष्ट्रांतल्या यात्रा बंद झाल्या आणि तमाशाचे फड सुपाऱ्यांवांचून बसून राहिले. दोन्हीकडील माणसांचा धंदा एकच आणि संकटहि एकच. पुढें २०२४ च्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांतील त्या जुन्या उद्यानांत मुखवट्यांत आणि मिरवणुकींत काम करणाऱ्या सुमारें १,७०० जणांच्या गटानें मतदान करून नटांच्या संघटनेंत सामील होण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या तक्रारींत वेतन होतें, कामाच्या वेळा होत्या, आणि पोषाखाची स्वच्छताहि होती. आदल्या माणसाच्या घामाचा मुखवटा डोक्यावर चढवावा लागणें म्हणजे काय, हें पोषाखाचा हिशेब ठेवणाराला सहज कळत नाहीं.

फाटकें बंद झाल्यावर या खेळाचा खरा शेवट होतो. मुखवटे औषधी पाण्यानें पुसून वाऱ्याला ठेवतात. केसांचे टोप लांकडी डोक्यांवर चढवून विंचरतात. शिंपी फाटलेल्या बगला टांकतो. चित्ररथांना रात्रभर वीज भरावयास लावतात. एक मनुष्य हातांत दिवा घेऊन सगळा मार्ग पायीं चालतो, तुटून पडलेले मणी आणि आरसे वेंचतो, आणि कोठें खड्डा पडला असेल तर तेथें खडूनें वर्तुळ काढतो. रंगपटाच्या दाराशीं फळा असतो. ज्याचा घोटा मुरगळला त्याचें नांव पुसलें जातें, आणि त्या जागीं उद्यांच्या राजाचें नांव लिहिलें जातें.